आयडेंटिटी थेफ्ट प्रोटेक्शन सर्व्हिस घ्यायची का, आणि घेतली तर कुठली? अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

कुठल्यातरी हॉस्पिटलचा नाहीतर फोन कंपनीचा डेटा फुटल्याचं पत्र घरी येतं आणि लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते, लाइफलॉक घेऊ का ऑरा घेऊ, कोणाचा अनुभव आहे का, कॉस्टकोत डील आहे का वगैरे. भीती खरी आहे, २०२३ या एका वर्षात एफटीसी या अमेरिकेतल्या ग्राहक-संरक्षण संस्थेकडे आयडेंटिटी थेफ्टच्या, म्हणजे दुसऱ्याची माहिती चोरून त्याच्या नावाने व्यवहार केल्याच्या, १० लाखांहून जास्त तक्रारी गेल्या. पण माझं मत पहिल्यांदाच सांगते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: बहुतेक लोकांनी आधी फुकटातल्या दोन-तीन गोष्टी कराव्यात, त्या केल्यावर बऱ्याच जणांना पैसे देऊन काही घ्यायची गरजच उरत नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी ॲपचे फीचर मोजत बसण्यापेक्षा अडचण आल्यावर फोन कोण उचलणार हे बघून कंपनी निवडावी.

ही सर्व्हिस नेमकं काय करते? चोरी थांबवते का?

नाही थांबवत. समजा कोणीतरी टेक्ससमध्ये बसून तुमचा एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, वापरून क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, तर ती बँक तुमचा रिपोर्ट एखाद्या क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, मागवते, रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरीची (कर्जासाठी कोणी रिपोर्ट मागवल्याची) नोंद पडते, सर्व्हिसला ती दिसते आणि मग तुम्हाला मेसेज येतो की हे तुम्हीच केलंत का. म्हणजे मेसेज येईपर्यंत अर्ज झालेला असतो, कधीकधी कार्ड मंजूरही झालेलं असतं. नजर ठेवणं, कळवणं, आणि काही झालं तर निस्तरायला माणूस देणं, ही कामं ती करते. सोबत खर्चाचा इन्शुरन्स असतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

मग थांबवतं काय?

क्रेडिट फ्रीझ. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंवर तुमची फाइल फ्रीझ केली की नवीन कर्ज देणाऱ्याला ती बघताच येत नाही, आणि फाइल न बघता सहसा कोणी कार्ड किंवा लोन देत नाही. २१ सप्टेंबर २०१८ पासून हे सगळ्या राज्यांमध्ये कायद्याने फुकट आहे, त्याआधी बऱ्याच ठिकाणी दर वेळी पैसे पडायचे आणि ते जुनं ऐकलेलं डोक्यात राहिल्यामुळे अजूनही लोक करत नाहीत. तिन्हीकडे वेगवेगळं अकाउंट उघडून वेगवेगळं करावं लागतं, एकाकडे केलं म्हणून दुसरीकडे होत नाही, पण शनिवारी सकाळी चहा पिता पिता बसलात तर एका बैठकीत होतं. तुमची चालू कार्डं चालत राहतात, स्कोअरवर काडीचाही परिणाम होत नाही.

गाडी घ्यायची किंवा घराचं लोन करायचं असेल तेव्हा फ्रीझ काढावं लागतं, तेही ऑनलाइन किंवा फोनवर सांगितलं की कायद्याप्रमाणे एका तासात काढून द्यावं लागतं. इथे एक युक्ती: डीलरला आधीच विचारा की तुम्ही कुठल्या ब्युरोकडून रिपोर्ट काढता, आणि फक्त तिथलंच फ्रीझ चार-पाच दिवसांसाठी तारीख टाकून उघडा, म्हणजे परत बंद करायचं लक्षात ठेवायला नको.

हे झालं की चेक्ससिस्टम्सवर पण फ्रीझ टाका, कारण नवीन बँक अकाउंट उघडताना बऱ्याच बँका तिथे बघतात, आणि फोन आणि युटिलिटीच्या कनेक्शनसाठी एनसीटीयूई म्हणून आहे तिथेही. ही दोन नावं आपल्या लोकांनी सहसा ऐकलेलीच नसतात.

फ्रीझ आणि लॉक एकच ना?

नाही. फ्रीझचा हक्क कायद्याने दिलाय. लॉक हे ब्युरोचं स्वतःचं प्रॉडक्ट, त्यांच्या अटींवर, आणि काही ठिकाणी ते महिन्याच्या प्लॅनमध्येच मिळतं. ब्युरोच्या साइटवर लॉकचं बटण मोठं दिसतं आणि फ्रीझची लिंक शोधावी लागते, तरी शोधा. फक्त लॉक मिळतं म्हणून प्लॅन घेऊ नका.

फ्रीझ केलं म्हणजे विषय संपला?

नवीन कर्जाचा बराचसा संपला. पण तुमच्या चालू बँक खात्यात कोणी घुसलं, तुमच्या नावाने टॅक्स रिटर्न भरून रिफंड घेतला, तुमच्या नावावर नोकरी केली, तुमच्या हेल्थ इन्शुरन्सवर उपचार घेतले, तर तिथे फ्रीझचा काही उपयोग नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात अनएम्प्लॉयमेंटचे खोटे क्लेम प्रचंड झाले, लोक नोकरीवर जात होते आणि घरी मात्र बेनिफिटचं डेबिट कार्ड पोस्टाने येत होतं, नंतर बेनिफिटची रक्कम दाखवणारा टॅक्सचा टेन-नाइन्टीनाइन-जी फॉर्म आला तेव्हा कित्येकांना कळलं.

टॅक्ससाठी आयआरएसचा (अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा) आयपी पिन घ्या. सहा आकडी नंबर असतो, दरवर्षी नवीन मिळतो, आणि तो टाकल्याशिवाय तुमच्या एसएसएनवर रिटर्न ई-फाइल होतच नाही. २०२१ पासून देशात कोणालाही मागता येतो, एसएसएन नसेल आणि आयटीआयएन (एसएसएन नसलेल्यांचा टॅक्स नंबर) असेल तरी. महिना ३० डॉलर घेणारी सर्व्हिसही हे काम करू शकत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. आपल्याकडे टॅक्सच्या सीझनला डब्ल्यू-टू (पगाराचा टॅक्स फॉर्म) आणि पासपोर्टचे फोटो सरळ व्हॉट्सॲपवर टॅक्सवाल्याला पाठवायची सवय आहे ना, नवराबायको मुलं सगळ्यांचे एसएसएन एकाच मेसेजमध्ये, ती तर आधी सोडा. चांगल्या टॅक्सवाल्याकडे अपलोड करायला पोर्टल असतं, नसेल तर मागा.

आणि सोशल सिक्युरिटीच्या साइटवर स्वतःचं अकाउंट उघडून ठेवा, तुम्ही नाही उघडलं तर तुमच्या माहितीवर दुसरं कोणी उघडायचा प्रयत्न करू शकतं.

एवढं सगळं केल्यावर मग पैसे देऊन घ्यावी कोणी?

ज्यांच्या बाबतीत एकदा चोरी होऊन गेलीये त्यांनी, कारण ती माहिती परत परत विकली जाते. ज्यांच्या घरात तीन-चार जणांच्या फायली सांभाळायच्या आहेत, वयस्कर आई-वडील ग्रीन कार्डवर सोबत राहतात आणि त्यांना मेसेज वाचायची सवय नाही, अशांनी. ज्यांना तिन्ही ठिकाणी लॉगिन करून रिपोर्ट बघायला जमणारच नाही हे प्रामाणिकपणे माहीत आहे, त्यांनीही घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांनी ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवरून तिन्ही रिपोर्ट बघावेत, आता दर आठवड्याला फुकट मिळतात, वर्षातून एकदा वालं जुनं झालं. दर आठवड्याला कोणी बघत नाही हे मलाही माहितीये, दोन-तीन महिन्यांतून एकदा बघितलं तरी खूप.

विकत घ्यायच्या आधी एक करा: ऑफिसच्या बेनिफिटची यादी उघडा. ओपन एनरोलमेंटमध्ये आयडेंटिटी प्रोटेक्शन बऱ्याच कंपन्यांमध्ये असतं, फुकट किंवा महिना थोडक्या डॉलरमध्ये, आणि आपण मेडिकल-डेंटलवर टिक करून पुढे जातो. क्रेडिट कार्डाबरोबर आणि होमओनर्स इन्शुरन्सबरोबरही कधीकधी असतं.

प्लॅन बघताना कशाकडे बघू? सगळे सारखेच दिसतात.

पहिलं, किती ब्युरोंवर नजर आहे. स्वस्तातल्या प्लॅनमध्ये बहुतेक एकाच ब्युरोवर असते, आणि कर्ज देणारा कुठलाही ब्युरो वापरू शकतो, त्यामुळे एका ब्युरोचा प्लॅन म्हणजे दोन बाजू उघड्या. मोठ्या अक्षरात क्रेडिट मॉनिटरिंग लिहिलेलं असतं, किती ब्युरो ते खाली बारीक अक्षरात शोधा. तिन्ही नसतील तर घेऊच नका असं मी म्हणेन, एका ब्युरोची नजर तर फुकटच्या ॲपमध्येही मिळते.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निस्तरायला मदत कशी आहे. दोन प्रकार असतात. एकात माणूस तुम्हाला फोनवर सांगतो की आता या बँकेला हे पत्र पाठवा, इथे तक्रार करा, म्हणजे काम तुमचंच. दुसऱ्यात तुमच्याकडून मर्यादित पॉवर ऑफ ॲटर्नी घेऊन तेच बँकांना आणि ब्युरोंना फोन करतात, कागद पाठवतात, पाठपुरावा करतात. चोरी झाल्यावर खरा त्रास असतो तो या फोन-पत्रांचाच, ऑफिसच्या वेळात होल्डवर बसून राहायचं, तीच गोष्ट दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची, आणि महिने जातात त्यात. पैसे द्यायचेच तर या दुसऱ्या प्रकारासाठी द्या. विकत घेण्याआधी त्यांच्या नंबरवर शनिवारी रात्री फोन करून बघा, कोण उचलतं, किती वेळाने, आणि एकाच केसला शेवटपर्यंत एकच माणूस मिळणार का, हे स्पष्ट विचारा. सेल्सवाला गोलमोल बोलला तर तिथेच उत्तर मिळालं.

स्कोअर रोज दिसतो का महिन्याला, व्हीपीएन आहे का, पासवर्ड मॅनेजर आहे का, याला मी फारसं महत्त्व देत नाही. हे सगळं वेगळं आणि बऱ्याचदा फुकट मिळतं, आणि स्कोअरही बहुतेक व्हँटेजस्कोअर या पद्धतीचा असतो, घराच्या लोनला बँक तो बघेलच असं नाही.

दहा लाख डॉलरचा इन्शुरन्स म्हणतात, म्हणजे पैसे गेले तर मिळणार?

इथे नीट वाचा. तो आकडा वरची मर्यादा आहे, आणि मुख्यतः निस्तरण्याच्या खर्चासाठी असतो: वकील, नोटरी, पोस्टेज, कामावरून रजा घ्यावी लागली तर बुडलेला पगार. चोरीला गेलेल्या रकमेची भरपाई असेल तर ती वेगळ्या ओळीत असते आणि प्लॅनप्रमाणे तिची मर्यादा बरीच कमी असू शकते. घरातल्याच कोणी केलं तर सहसा मिळत नाही. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने फसून झेल या ॲपने पैसे पाठवलेत तर बहुतेक ठिकाणी तेही कव्हर नसतं, कारण त्यांच्या भाषेत ती आयडेंटिटीची चोरी नाही. साइटवर समरी ऑफ बेनिफिट्स नावाचा कागद असतो, कंटाळवाणा असला तरी तोच वाचा, जाहिरात नको.

शिवाय कायद्याने आधीच बरंच संरक्षण आहे. क्रेडिट कार्डावर चोरट्याने खर्च केला तर तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर. डेबिट कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं तर तसं नाही: कळल्यापासून दोन कामाच्या दिवसांत बँकेला सांगितलं तर ५० डॉलर, त्यानंतर सांगितलं तर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस उलटून गेले तर त्यापुढे जे जाईल ते सगळं तुमचं. म्हणून पेट्रोल पंपावर आणि अनोळखी साइटवर डेबिट कार्ड वापरू नका, आणि स्टेटमेंट दर महिन्याला बघा.

डार्क वेब मॉनिटरिंग कामाचं आहे का?

थोडंफार. फुटलेल्या डेटाच्या ज्या याद्या त्यांच्या हाती लागतात त्यात तुमचा ईमेल किंवा एसएसएन आहे का एवढंच ते बघतात. सापडला तरी तिथून काढता येत नाही. २०१७ च्या इक्विफॅक्स ब्रीचमध्येच (त्यांचा डेटा फुटला तेव्हा) साधारण १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, तेव्हा तुम्ही बरीच वर्षं इथे असाल तर तुमचा एसएसएन बाहेर आहे असं धरूनच चाला. ईमेल आणि पासवर्ड फुटल्याचं कळलं तर पासवर्ड बदला, तेवढा फायदा घ्या.

पण या कंपनीलाच आपला एसएसएन द्यायचा, ते सेफ आहे का?

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि लोक तो पुरेसा विचारत नाहीत. लाइफलॉकचं उदाहरण बघा. त्यांच्या सीईओने जाहिरातीत स्वतःचा एसएसएन छापला होता, एवढा विश्वास दाखवला, आणि नंतर त्याच्याच नावावर कर्ज काढल्याचं बाहेर आलं. २०१० मध्ये एफटीसी आणि ३५ राज्यांनी खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली, १ कोटी २० लाख डॉलरमध्ये तडजोड झाली, ग्राहकांचा डेटा सांगितला तसा सांभाळला जात नव्हता असाही आरोप त्यात होता. मग तो आदेश पाळला नाही म्हणून २०१५ मध्ये १० कोटी डॉलर. त्यानंतर २०१७ मध्ये ती सिमँटेकने विकत घेतली आणि आज ती जेन डिजिटल या कंपनीचा भाग आहे, तेव्हा जुन्या गोष्टीवरून आजची सर्व्हिस वाईटच म्हणायचं असं नाही. पण जी कंपनी 'आम्ही चोरी होऊच देत नाही' म्हणते तिच्यापासून लांब राहा, असं कोणालाच करता येत नाही.

मालक कोण हेही बघा. एक्सपेरियन स्वतः प्लॅन विकते, आयडेंटिटीफोर्स २०२१ पासून ट्रान्सयुनियनकडे आहे. म्हणजे तुमची माहिती गोळा करणारीच कंपनी तिच्यावर नजर ठेवायचे पैसे घेते. मला हे पटत नाही, पण एक गोष्ट खरी की एसएसएन त्यांच्याकडे आधीपासूनच आहे, नव्या ठिकाणी जात नाही. बाकी कोणाचंही घेतलंत तरी बँकेचे लॉगिन जोडायला सांगतात ते सगळे जोडायलाच पाहिजेत असं नाही, टू-फॅक्टर लावा, आणि अटींमध्ये आर्बिट्रेशन आहे का बघा, म्हणजे भांडण झालं तर कोर्टात जायचा हक्क सोडताय का ते कळेल.

ब्रीचचं पत्र आलंय, दोन वर्षं सर्व्हिस फुकट देतायत. घेऊ?

घ्या. पत्रातला कोड मुदतीत टाका, पत्र खरं आहे ना ते कंपनीच्या मूळ साइटवर जाऊन तपासा, आणि पुढच्या रिन्यूअलसाठी कार्ड नंबर मागत असतील तर देऊ नका. दोन वर्षांनी तुमचा एसएसएन बदलणार नाहीये, म्हणून फ्रीझ तरीही करायचंच.

मुलांसाठी फॅमिली प्लॅन लागतो का?

१६ वर्षांखालच्या मुलांची फाइल आई-वडिलांना फुकट फ्रीझ करता येते. मुलाची फाइल नसेलच तर ब्युरो ती फ्रीझ करण्यापुरती तयार करतात. बर्थ सर्टिफिकेट, एसएसएन कार्ड आणि तुमचं ओळखपत्र यांच्या कॉपी पोस्टाने पाठवाव्या लागतात, कंटाळा येतो पण एकदाच करायचंय. मुलांचे नंबर चोरांना आवडतात कारण वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, कॉलेजच्या लोनच्या वेळी कळतं. मुलांच्या क्लबचा, डेंटिस्टचा फॉर्म भरताना एसएसएनचा रकाना असतो तो रिकामा सोडा, खरंच लागत असेल तर ते मागतील.

मी ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर) आहे, नुकताच एसएसएन मिळालाय. मला काय लागू?

फ्रीझ तुलाही लागू. फक्त फाइलच नवीन असल्यामुळे ऑनलाइन ओळख पटत नाही असं होऊ शकतं, मग कागदपत्रं पोस्टाने. पैसे देऊन प्लॅन आत्ता नको, त्यापेक्षा एसएसएन कोणाकोणाला देतोयस तिकडे लक्ष दे. भाड्याच्या घराचे चार ठिकाणचे अर्ज, नोकरी लागायच्या आधीच सगळे कागद मागणाऱ्या कन्सल्टन्सी, क्रेगलिस्टवरचा रूममेट. ऑफर लेटर हातात नसताना एसएसएन आणि पासपोर्ट मागणाऱ्याला नाही म्हणायला शिकायला हवं, कितीही घाई वाटली तरी.

रिपोर्टवर भलत्याच माणसाचं कार्ड दिसतंय. चोरी झाली का?

झालीही असेल, पण आपल्या नावांमुळे दुसरंही एक होतं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, कधी लिहितो कधी नाही, सख्ख्या भावांचं मधलं नाव आणि आडनाव सारखं, त्यात एकाच पत्त्यावर राहिलेले आणि पहिलं अक्षरही एकच, मग ब्युरो दोघांच्या फायली एकत्र करून टाकतात. याला मिक्स्ड फाइल म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे ब्युरोकडे डिस्प्युट टाकायचा, सहसा ३० दिवसांत त्यांना तपास करावा लागतो. सर्व्हिस यात फार काही करत नाही. सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहा, हेच बरं पडतं.

आई-बाबा व्हिजिटवर आलेत, त्यांना येणारे फोन ही सर्व्हिस अडवते का?

नाही. व्हिजिटरला एसएसएनच नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी प्लॅन घेऊ नका. पण फोनबद्दल त्यांच्याशी नक्की बोला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे टाकले तेव्हा शेकडो मुलं आयआरएसचे अधिकारी बनून अमेरिकेतल्या लोकांना धमकावत होती असं उघड झालं. आता 'तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर सस्पेंड झालाय' असे फोन येतात. असा नंबर सस्पेंड होत नसतो, आणि सरकारी खातं गिफ्ट कार्डात पैसे मागत नाही. फोन ठेवायचा, बस.

आम्ही कायमचे भारतात परत चाललोय. आता कशाला हे सगळं?

उलट तुम्हाला जास्त गरज आहे. एसएसएन जन्मभर तुमचाच राहतो आणि तुमचं पोस्ट बघायला इथे कोणी नसणार. निघायच्या आधी, इथला फोन नंबर आणि पत्ता चालू असताना, तिन्ही ब्युरोंवर फ्रीझ, चेक्ससिस्टम्स, आयपी पिन, सोशल सिक्युरिटीचं अकाउंट हे सगळं उरकून घ्या. ओटीपीसाठी अमेरिकन नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर चालू ठेवा, फोर-ओ-वन-के या रिटायरमेंट खात्याचं लॉगिनही त्यावरच अडकलेलं असतं. पैसे देऊन घेतलेल्या सर्व्हिसमध्ये अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला कव्हर आहे का ते लेखी विचारा.

आणि इथली कुठलीही सर्व्हिस पॅन, आधार किंवा सिबिल बघत नाही. तिथे चार क्रेडिट कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो मागवा म्हणजे पॅनवर कोणी ॲपमधून लोन काढलंय का ते दिसेल. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन.

झालीच चोरी तर पहिल्यांदा काय?

ज्या बँकेत झालं तिथल्या फ्रॉड विभागाला फोन, मग तिन्हीकडे फ्रीझ, मग आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह वर एफटीसीचा रिपोर्ट. तो रिपोर्ट जपून ठेवा, तो आणि ओळखीचा पुरावा दिला की ब्युरोला चोरट्याची नोंद चार कामाच्या दिवसांत ब्लॉक करावी लागते, आणि सात वर्षांचा एक्स्टेंडेड फ्रॉड अलर्टही त्यावरच मिळतो. टॅक्सचं असेल तर आयआरएसचा १४०३९ नंबरचा फॉर्म. सर्व्हिस असेल तर त्याच दिवशी त्यांना कळवा, उशीर झाला म्हणून क्लेम अडतो. कोणाशी कधी बोललात, नाव आणि तारीख एका वहीत लिहीत जा.

रिन्यूअलला किंमत एकदम वाढली, बंद कसं करू?

पहिल्या वर्षाची किंमत सवलतीची असते, दुसऱ्या वर्षी बरीच वाढते आणि ऑटो-रिन्यू लागलेलं असतं. म्हणून घेतानाच दुसऱ्या वर्षाचा आकडा बघा आणि कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची तारीख टाका. बंद करताना फोनवर थांबवायचा प्रयत्न करतात, किंमत कमी करून देतात, ती परवडत असेल आणि सर्व्हिस कामाची वाटली असेल तर ठेवा. बंद केलीत तर कन्फर्मेशनचा ईमेल मागून घ्या, जोडलेली बँक अकाउंट ॲपमधून काढा, आणि त्यांच्या ॲपमधून लॉक टाकलेलं असेल तर ते प्लॅनसोबत जातं, म्हणून आधी ब्युरोच्या साइटवर जाऊन फ्रीझ चालू आहे ना ते बघा आणि मगच रद्द करा.